जुना तांब्याचा पैसा

फडताळातील डब्यात एखादा काळवंडलेला तांब्याचा पैसा सापडला, की कोणी तो चिंचेने घासू लागतो, तर कोणी त्याचे लाखभर रुपये येतील असे मनोरे रचतो. मुलांनो, दोन्हींची घाई करू नये.

नाणे आपली ओळख स्वतःच सांगते. एका बाजूस दोन सिंहांनी धरलेली ढाल व १८३५ हे साल, आणि दुसऱ्या बाजूस पानांच्या वेढ्यात इंग्रजी व फारसी अक्षरे असतील, तर तो ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा, म्हणजेच पैसा होय. अशा ६४ पैशांचा एक रुपया होई. १८६२ पासून ढालीच्या जागी व्हिक्टोरिया राणीची छबी आली. १८७७ पासून तिच्या नावापुढे ‘सम्राज्ञी’ झळकू लागले. १९०६ मध्ये तांबे जाऊन कासे आले.

जुने तेवढे मोलाचे, हा समज खोटा आहे. १८३५ चे पैसे विपुल पाडले गेले. त्यांतील झिजलेल्यास आजही फारशी किंमत येत नाही. नाणे दुर्मिळ असावे आणि त्यावरील अक्षरे ठसठशीत असावीत, तरच संग्राहक चांगले दाम मोजतात. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात आणि त्याचे मोल तेथेच उतरते.

रामदरबाराचे चित्र आणि १८१८ हे साल असलेला कंपनीचा अर्धा आणा कोणी दाखविल्यास मात्र सावध राहावे. मद्रासेस कंपनीने देवतेची आकृती असलेले सोन्याचे होन पाडले होते, हे खरे. परंतु रामदरबाराचे आणे तिने कधीच पाडले नाहीत. ते मागाहून कोणी घडविले, आणि त्यांपायी कित्येक भोळ्या माणसांनी घामाचा पैसा गमावला आहे.