भूजलाचे वय आणि दूषित द्रव्यांचा प्रवास

पाणी जमिनीत मुरल्यापासून लोटलेला काळ म्हणजे भूजलाचे वय होय. ते ठरविण्यास ट्रिटियम उपयोगी पडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असून, अणुस्फोट-चाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातील पर्जन्यात त्याचे प्रमाण कमाल झाले होते. इंग्लंडमधील चॉक या सच्छिद्र चुनखडकात ही कमाल मर्यादा वर्षाला जेमतेम एक मीटर खाली सरकत असल्याचे आढळले. भेगांतून तर पाणी याहून पुष्कळ वेगाने वाहू शकते. मग हा विरोध कसा उलगडावा?

१९७५ मध्ये फॉस्टर यांनी असे प्रतिपादिले की, भेगांतील ट्रिटियम विसरणाने खडकाच्या सूक्ष्म रंध्रांतील स्थिर पाण्यात शिरते व त्याचा प्रवास मंदावतो. तेव्हा असे वय पाण्याचा वेग दर्शवीलच असे नाही. खतांतील नायट्रेटही याच रीतीने रंध्रांत साठते आणि खतांचा वापर घटल्यावरही दीर्घकाळ विहिरीत उतरत राहते. उलट, भेगांतून आलेले थोडेसे नवे पाणी जुन्या पाण्यात मिसळले, तर सरासरी वय मोठेच दिसते. पण त्याबरोबर जंतू येऊ शकतात. म्हणून केवळ सरासरी वयावरून विहीर निर्धोक मानणे युक्त नव्हे.