रुजुवातीपूर्वीचे दिवस

वैरागच्या एस.टी. स्थानकावर सकाळच्या वेळी बार्शीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बायकांत एखादी अशी असते, की जिच्या हातपिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी चार घड्या घातलेला एक कागद असतो आणि तो कागद तिने घरात कोणालाही दाखविलेला नसतो. कागद इंग्रजीत असतो. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने त्यावरचा एवढाच अर्थ तिला सांगितलेला असतो, की पिशवीच्या तोंडाच्या पेशी ‘बरोबर नाहीत’. आणि वैराग ते बार्शी हा वीस-पंचवीस किलोमीटरांचा रस्ता संपण्यापूर्वी ती बाई मनातल्या मनात आपल्या धाकट्या मुलीचे लग्न दिराच्या हाती सोपवून, सासूच्या म्हातारपणाची तजवीज लावून, स्वतःच्या तेराव्यापर्यंत पोहोचलेली असते.

या अवस्थेविषयी लिहावे असे वाटण्याचे कारण हे, की तिच्या हातातील कागदात खरोखर काय लिहिलेले असते आणि ती त्यातून काय वाचते, यांच्यात फार मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात बायका विनाकारण झुरतात तरी किंवा कागद फाडून चुलीत घालतात तरी. जुन्या दप्तरी कारभारात आधी खबर येई, मग खबरीची रुजुवात होई, आणि त्यानंतरच निकाल लागे. स्मिअरचा अहवाल ही खबर आहे. रुजुवात पुढे व्हावयाची असते. ती होण्यापूर्वीचे जे आठ-पंधरा दिवस, तेच या प्रकरणातील अत्यंत कठीण दिवस होत.

‘पॅप स्मिअर’ ही तपासणी मूळची अगदी साधी आहे. गर्भाशयाच्या मुखावरून लहानशा लाकडी पट्टीने किंवा ब्रशाने काही पेशी हलकेच खरवडून घ्यावयाच्या, काचपट्टीवर पसरावयाच्या, सुकण्याच्या आत त्या अल्कोहोलमध्ये बुडवून स्थिर करावयाच्या आणि मग रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या, एवढाच तिचा विधी. जॉर्ज पापानिकोलाऊ या मूळच्या ग्रीक वैद्यकसंशोधकाने न्यूयॉर्कमध्ये तिचा पाया घातला. 1928 मध्ये त्याने आपले निरीक्षण प्रथम मांडले तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही, आणि 1943 मध्ये ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञासह त्याने ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर जगाने ती स्वीकारली. या मधल्या वर्षांत त्याची पत्नी अँड्रोमाकी हिने प्रयोगासाठी वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशींचे नमुने दिले. ‘पॅप’ हे नाव नवऱ्याचे राहिले. तपासणीच्या मेजावर मात्र ती बाई होती, याचे स्मरण आज त्या मेजावर संकोचाने निजणाऱ्या प्रत्येक स्त्रीला कोणीतरी करून द्यावे असे मला वाटते.

आता या खबरीचे मोल किती, हे ठरविण्यासाठी दूरच्या देशातील आकडे आणण्याची वैरागकरांना गरज नाही, कारण या प्रश्नावरील जगातील एक फार मोठा प्रयोग त्यांच्या शिवेपलीकडेच झालेला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने, 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांची नोंद केली. गावांचे 52 गट पाडले. आणि काही गटांत स्मिअर, काहींत सिरक्याच्या आम्लाने करावयाची नजरेची तपासणी, काहींत गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी आणि उरलेल्या गटांत केवळ आरोग्यशिक्षण व नेहमीची सेवा, अशी वाटणी केली. त्याआधी, 1987 पासून, बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांसाठी कर्करोगाची नोंदवही बार्शीस चालू झालेलीच होती, आणि ग्रामीण भारतातील ती पहिली होय. खेडोपाडी फिरून रोग्यांची मोजदाद करणाऱ्या त्या माणसांमुळेच हे काम उभे राहू शकले.

त्या प्रयोगात स्मिअर केलेल्या दर शंभर स्त्रियांमागे सुमारे सात जणींचा अहवाल ‘बरोबर नाही’ असा आला; पण रुजुवातीअंती उपचार करावाच लागेल असा वरच्या दर्जाचा बदल शंभरांत सुमारे एकीतच सापडला. आणि ती एकही कर्करोगाची रोगी नव्हे. कर्करोग होण्यापूर्वीची, बहुधा एका बैठकीत निस्तरता येणारी अवस्था तिच्यात होती. बार्शीच्या गाडीत कागद उराशी धरून बसलेल्या बाईला हा सात आणि एक यांचा हिशेब कोणी सांगितला, तर त्या गाडीतील तो तासभर तिला निराळा जाईल.

अहवालात जे बदल लिहिलेले असतात त्यांच्या पायऱ्या असतात. सर्वांत खालच्या पायरीवर ‘अर्थ नीट ठरविता येत नाही’ अशा पेशी असतात. नुसत्या जंतुसंसर्गाने, सुजेने किंवा पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणानेही तशा दिसू शकतात. त्याच्यावर सौम्य बदल. हे बहुसंख्य स्त्रियांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप मावळतात, म्हणून डॉक्टर अशा वेळी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा तपासू म्हणतात तेव्हा त्यात हयगय नसते. त्याच्यावरचे तीव्र बदल मात्र तसे सोडून देण्याजोगे नव्हेत. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे एका रुग्णालयात गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत काही स्त्रियांतील असे बदल उपचाराविना नुसते पाहत ठेवले गेले. त्याची न्यायालयीन चौकशी होऊन 1988 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला, आणि पुढे त्या स्त्रियांची कागदपत्रे तपासली तेव्हा असे आढळले, की ज्यांना पुरेसे उपचार मिळाले नव्हते त्यांच्यातील शंभरांपैकी सुमारे 31 जणींना तीस वर्षांच्या अवधीत कर्करोग झाला, आणि ज्यांना वेळीच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण शंभरांत एकाहूनही कमी राहिले. त्या बायकांना विचारल्यावाचून त्यांच्या आयुष्यावर केलेला हा अन्याय होता. पण त्यातूनच दोन गोष्टी कळल्या: तीव्र बदलसुद्धा रातोरात प्राण घेत नाहीत म्हणून रुजुवातीला वेळ असतो, आणि हा वेळ उधळण्यासाठी मात्र नसतो.

रुजुवात म्हणजे कोल्पोस्कोपी. नाव अवघड, प्रकार सोपा. दुर्बिणीसारखे एक यंत्र बाहेरच उभे असते, ते शरीरात जात नाही. डॉक्टर गर्भाशयमुखावर सौम्य आम्लाचा, म्हणजे सिरक्याच्याच जातीचा, बोळा फिरवतात आणि मिनिटभर थांबतात. निरोगी जागा गुलाबी राहते. बदललेली जागा पांढरी पडते, जणू धुतलेल्या फरशीवर रांगोळीचे बोट ओढावे. मग आयोडीन लावले, की निरोगी पेशी आपल्यातील साखरेच्या साठ्यामुळे गडद तपकिरी होतात आणि शंकास्पद जागा मोहरीसारखी पिवळी उरते. त्या जागेतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीसाठी काढतात. किंचित चिमटा बसल्यासारखे होते, दोन-चार दिवस अंगावर थोडे डागही पडतात. त्या तुकड्याचा जो अहवाल येतो, तो खरा निकाल.

निकाल तीव्र बदलाचा आला, तर बदललेली जागा गोठवून टाकणे किंवा विजेच्या बारीक तारेने तेवढाच पापुद्रा काढून घेणे, हे उपाय आहेत. गोठविण्यात तीन मिनिटे थंड टोक टेकवायचे, पाच मिनिटे सोडायचे, पुन्हा तीन मिनिटे टेकवायचे, अशी रीत असते. बाई त्याच दिवशी घरी येते. पुढे काही आठवडे अंगावरून पाण्यासारखे जाते. ते अपेक्षितच असते, आणि तेवढे दिवस नवरा-बायकोने संबंध टाळावयाचे असतात. हे घरात सांगण्याचे काम डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून स्वतः करावे, कारण ते ओझे पुष्कळदा त्या बाईच्याने उचलत नाही.

इथे एका गोष्टीवर मला थांबले पाहिजे. ‘अहो, कशाला फेऱ्या मारता, पिशवीच काढून टाका, कायमची कटकट गेली,’ हे वाक्य आपल्या भागात जाऊ, नणंद, मावशी आणि क्वचित पांढरा कोट घातलेली माणसेही इतक्या सहजतेने उच्चारतात, की जणू काही दाढ उपटावयाची आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर शासनाने 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. त्या साऱ्यांमागे कर्करोगाची भीती होती असे नव्हे, तथापि ती भीती दाखवून शस्त्रक्रियेस संमती मिळविल्याच्या तक्रारी त्या काळात मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. स्मिअरच्या एका कागदावर पिशवी काढणे हे खबरीवरून फाशी देण्यासारखे आहे. शिवाय त्यात उलटा धोकाही असतो: आत खराच कर्करोग दडलेला असेल आणि रुजुवातीशिवाय साधी शस्त्रक्रिया उरकली, तर ती अपुरी पडते आणि पुढचा उपचार बिकट होऊन बसतो. काही प्रसंगी पिशवी काढणे आवश्यक ठरते. पण तो निर्णय तुकड्याच्या अहवालानंतरचा असतो, आणि त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात पहिल्यांचा कसलाही अपमान होत नाही.

दुसरे दुःख अधिक मुके आहे. हा बदल बहुतांशी ज्या विषाणूमुळे होतो तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1983-84 मध्ये विषाणूचे मुख्य दोन प्रकार शोधून दाखविल्यापासून जगाला ठाऊक आहे आणि त्याला त्याबद्दल 2008 चे नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु हे अर्धवट ज्ञान घरात शिरले म्हणजे पहिला प्रश्न चारित्र्याचा निघतो; बाई नवऱ्याकडे संशयाने पाहते, किंवा अधिक वेळा, घर बाईकडे पाहते. वस्तुतः हा विषाणू इतका सर्वत्र आहे, की संसारात पडलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन कळण्याच्या आत जातोही. आणि ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यात वर्षानुवर्षे निपचित राहून मग दिसू लागतो. त्यामुळे तो कोणाकडून, केव्हा आला, याची जबानी कोणतीही तपासणी देऊ शकत नाही. वीस वर्षांच्या संसाराचा दाखला त्या काचपट्टीवर मागू नये.

मग ते आठ-पंधरा दिवस काढावे कसे? मला सुचते ते इतकेच, की घरातील एका तरी माणसाला सांगावे, आणि ते माणूस ऐकून रडणारे नसावे. कागद जपून ठेवावा, त्यावरचा नोंदणी क्रमांक दुसरीकडे लिहून ठेवावा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मुलीकडून वहीच्या पानावर उतरवून घ्यावेत, कारण तपासणीच्या खोलीत शिरले की तोंडातून शब्द फुटत नाही. आणि ज्वारीची सुगी आहे, पुतणीची सुपारी आहे, गाडीला गर्दी आहे, या सबबींवर तारीख तहकूब करू नये. मध्यंतरी संबंधानंतर रक्त गेले, पाळी बंद झालेली असताना डाग दिसला, किंवा घाण वासाचे अंगावरून जाऊ लागले, तर तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात जावे. दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. अशा वेळी पाहणी करतात, उपचार बहुधा बाळंतपणानंतर.

मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सीरम संस्थेनेही ती बनविली आहे. पण झालेला बदल ती पुसत नाही, म्हणून आईचा कागद पाहून मुलीला लस दिली तरी आईची तारीख चुकवून चालत नाही.

धाराशिवच्या त्या प्रयोगाचा आठ वर्षांचा निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटांत विषाणूची तपासणी एकदाच झाली तेथे या कर्करोगाने 34 स्त्रिया दगावल्या, आणि ज्या गटांत कसलीच तपासणी झाली नव्हती तेथे 64. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे त्यामुळे जगास कळले, आणि आज देशोदेशी स्मिअरऐवजी विषाणूची तपासणी येत आहे ती पुष्कळशी या पुराव्याच्या बळावर. त्या 64 जणींना तपासणी का दिली गेली नाही, यावर पुढे जगभर कठोर वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता; आपल्या परांड्या-भूमच्या वाटेवरच्या बायकांचे हे देणे आहे, आणि ते कोणत्याही नियतकालिकातील कोष्टकात फिटणारे नाही. तपासणीस कोण आले याचीही पाहणी झाली: तिशीतल्या, थोड्या शिकलेल्या बायका अधिक आल्या, वयस्क, निरक्षर बायका मागे राहिल्या. ‘आता आमचं काय राहिलंय, पोरींचं बघा,’ असे म्हणून उंबऱ्याआड सरणाऱ्या सासवा आणि आत्याबाई आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. भारतात 2022 या एका वर्षात या रोगाने सुमारे 80,000 स्त्रिया गेल्या.

बार्शीहून परतणाऱ्या दुपारच्या गाडीत त्या सकाळच्या बाईला खिडकीची जागा मिळते. तिच्या कागदाला आता दुसरा कागद जोडलेला असतो. बदल सौम्य आहेत, वर्षाने पुन्हा या, असे त्यावर लिहिलेले असते, आणि डॉक्टरीणबाईंनी तारखेभोवती पेनने गोल केलेला असतो. घरी आल्यावर ती भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे जाते, दुधाच्या हिशेबाच्या खुणांमधून बोट फिरवते, आणि त्यात पुढचे वर्ष नाही हे तिच्या ध्यानात येते. मग ती तो कागद कालनिर्णयाच्या खिळ्यालाच अडकवते, सर्वांना दिसेल असा, आणि दिवाळीला नवे आणले की आधी हे त्यात लिही म्हणून थोरल्या पोराला सांगून ठेवते.