व्यक्तिपूजक पंथ
एकाच नेत्यावरील निरपवाद निष्ठेने बांधला गेलेला व बाह्य समाजापासून तुटलेला समूह. दुर्बल मनाचे लोकच अशा पंथांत जातात, हा रूढ समज टिकणारा नाही. अमेरिकेतील जिम जोन्स याच्या ‘पीपल्स टेंपल’कडे कृष्णवर्णीय वृद्ध व सुशिक्षित गोरे तरुण वळले, ते वंशसमता, अन्न व आधार यांसाठी. मालमत्ता, निवृत्तिवेतन व आप्तसंबंध क्रमाने पंथाच्या स्वाधीन होत; मग परतणे दुष्कर होई आणि केलेला त्यागच पुढील त्यागाचे समर्थन ठरे. गुयानातील जोन्सटाउन वसाहतीत पारपत्रेही काढून घेतली जात. तेथे १८ नोव्हेंबर १९७८ रोजी ९०९ जण, बहुतेक सायनाइडने, मृत्यू पावले. त्यांत सुमारे ३०० मुले होती. विष प्रथम त्यांनाच पाजले गेले व सभोवती सशस्त्र पहारा होता. त्यामुळे या घटनेस सामूहिक आत्महत्या म्हणणे युक्त नाही.