देवासचे विस्मृत दरबारी गवई : उस्ताद रजब अली खाँ

माळव्यात मराठी बोलणारी जी संस्थाने होती, त्यांत धार आणि देवास ही दोन्ही पवारांची. देवासची रचना तर विलक्षणच. तुकोजी आणि जिवाजी या भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन वंश निघाले आणि एकाच गावात दोन राजे नांदले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे सचिव होते. त्यांच्या पुस्तकामुळे हे गाव जगाला ठाऊक झाले. संगीतरसिकांना मात्र देवास म्हटले की कुमार गंधर्वच आठवतात. क्षयाने आजारी असलेले कुमार 1948 मध्ये तेथे राहावयास आले, त्या वेळी गावात एक वृद्ध गवई हयात होते. आज त्यांचे नाव फारसे कुणाच्या ओठांवर येत नाही.

रजब अली खाँ यांचा जन्म 1874 मध्ये माळव्यातीलच नरसिंहगड येथे झाला. गायनाची तालीम वडिलांकडून मिळाली. पुढे त्यांनी थोर बीनकार बंदे अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले, आणि त्यांच्या गाण्याची किल्ली बहुधा येथेच सापडते. बीनेवर तारेला ओढ देऊन एका स्वरावरून दुसऱ्यावर जाता येते. त्या ओढीत गमकेचा भार असतो. हा भार त्यांनी गळ्यात आणला आणि त्याला अतिद्रुत गतीची जोड दिली. त्यांची तान सरळ चढत-उतरत नसे. ती वळसे घेई, मध्येच दिशा बदली, आणि श्रोता वाट चुकला असे वाटत असतानाच अचूक समेवर येई. कंठाची ही कसरत रागाच्या आशयावर मात करते, असा आक्षेप त्यांच्यावर घेता येईल. परंतु ज्या काळी तानेचे सामर्थ्य हाच गवयाचा मानदंड होता, त्या काळात त्यांना तोड नव्हती.

देवासप्रमाणेच शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारातही त्यांनी चाकरी केली. गोमंतकीय रसिकांना कोल्हापूर ओळखीचे आहे ते अल्लादिया खाँ यांच्यामुळे. कारण केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या. निवृत्तीबुवा सरनाईक यांना तर अल्लादिया खाँ आणि रजब अली खाँ या दोघांचीही तालीम लाभली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1953 मध्ये केसरबाईंना आणि 1954 मध्ये रजब अली खाँ यांना मिळाला. त्यानंतर दोघांच्या कीर्तीचे मार्ग किती वेगळे झाले!

याचे मुख्य कारण ध्वनिमुद्रणात आहे. केसरबाईंचा ऐन उमेदीतला आवाज तबकड्यांवर टिकला. खाँसाहेबांचे जे थोडे मुद्रण ऐकावयास मिळते, ते उतारवयातले, आकाशवाणीचे. थकलेल्या गळ्यावरून तरुणपणाच्या तानेचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज नेहमीच अपुरा पडतो. दुसरे असे की त्यांचे गाणे कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत नीट बसत नाही. घराण्याची पाटी नसलेल्या गवयाचा वारसा सांगणारे पुढे कोण उरणार?

तरीही तो वारसा आडवाटेने वाहत राहिला. त्यांचे पुतणे अमानत खाँ देवासवाले मुंबईत गेले. लता मंगेशकर यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. मामासाहेब मजुमदार यांनी ही गायकी माळव्यातच जोपासली. सर्वांत दूरवर ती पोचली इंदूरच्या अमीर खाँ यांच्यामार्फत. त्यांनी अब्दुल वहीद खाँ यांचा संथ विलंबित, अमान अली खाँ यांचा मेरखंड आणि रजब अली खाँ यांची तान यांचा मेळ घातला. अमीर खाँ यांच्या ख्यालात शांत आलापानंतर एकाएकी जी वक्र, वेगवान तान उसळते, तिचे मूळ देवासच्या दरबारात आहे.

8 जानेवारी 1959 रोजी खाँसाहेबांचे निधन झाले. संस्थाने विलीन होऊन तेव्हा दशक उलटले होते. दरमहा वेतन देऊन गवयाला पोसणारा दरबार उरला नव्हता आणि रात्रभर तान ऐकत बसणारा श्रोताही विरळ होत चालला होता. आकाशवाणीच्या कार्यक्रमाला घड्याळाची मर्यादा असे. तेवढ्या वेळात बसेल एवढेच त्यांचे गाणे मागे राहिले.