लाज गिळा, रंग पाहा!

नागपुरात सावजी रश्श्यावर तासभर बोलणारी आमची मंडळी शौचाचे नाव काढताच नाक मुरडतात. मी मात्र ऐन फराळात तो विषय काढतो! मळाचा नेहमीचा तपकिरी रंग पित्ताने येतो. तो मातकट पांढरा झाला, तर पित्ताची वाट अडली असावी. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळसर होतो. पण डांबरासारखा काळा, चिकट व उग्र वासाचा असेल, तर जठरातून रक्त जात असण्याचा संभव. लाल दिसला, तर कालचे बीट आठवा. बीट खाल्ले नसेल, तर तिखटाला नि मूळव्याधीला बोल लावून घरी बसू नका. आतड्याचा कर्करोगही अशीच वर्दी देतो. वाचकहो, डॉक्टरांना निःसंकोच सांगा. वेळीच कळला, तर हा रोग बरा होऊ शकतो.