वसुधारेला पावसाळा लागत नाही

हिमालयातील धबधबा पाहण्याचा बेत आखताना महाराष्ट्रातील पर्यटक बहुधा सह्याद्रीचाच हिशोब सोबत नेतो आणि आषाढ-श्रावणात धबधबा भरात असणार, असे गृहीत धरतो. उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा गावापलीकडे असलेल्या वसुधारा धबधब्याला हा हिशोब लागू पडत नाही. सह्याद्रीतील बहुतेक धबधबे पावसावर जगतात आणि दिवाळीनंतर आटत जातात. वसुधारेचे पाणी मात्र प्रामुख्याने कड्यावरचा बर्फ वितळून येते, त्यामुळे ऐन जूनच्या उन्हातही तिची धार पडत असते. उलट जुलै-ऑगस्टमध्ये खरा धोका धबधब्यापाशी नसून वाटेतच असतो, कारण ऋषिकेशहून बद्रीनाथला जाणारा सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता ठिसूळ डोंगरउतारांवरून जातो आणि दरडी कोसळून तो तासन्‌तास, प्रसंगी दिवसच्या दिवस बंद पडतो. मे-जूनमध्ये पायवाटेवर बर्फ साचलेला असण्याची शक्यता धरावी लागते. आकाश निवळलेले आणि वाट मोकळी असा मेळ सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंतच चांगला जमतो.

दुसरा गैरसमज अंतराविषयीचा आहे. गाडी माण्यापर्यंतच जाते. तेथून भीमपुलावरून, म्हणजे सरस्वती नदीच्या अरुंद घळीवर आडव्या पडलेल्या प्रचंड शिळेवरून, पुढे पाच-सहा किलोमीटर पायीच जावे लागते. हे अंतर कागदावर किरकोळ वाटते, परंतु माणा सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे आणि तेथे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच असतो. नियमित व्यायाम करणाऱ्याला विरळ हवेचा त्रास होत नाही, ही समजूत तर सर्वांत घातक म्हणावी लागेल. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही ज्याची लक्षणे आहेत, तो उंचीचा विकार धडधाकट तरुणालाही गाठतो. त्यावर खरा उपाय म्हणजे बद्रीनाथला एक-दोन रात्री राहून शरीराला सवय होऊ देणे आणि लक्षणे वाढू लागल्यास विनासंकोच खाली उतरणे.

वसुधारेचे पाणी पापी माणसाच्या अंगावर पडत नाही, अशी श्रद्धा आहे. अष्टवसूंच्या तपश्चर्येशी जोडलेल्या या स्थळाचा भाव जपण्याजोगाच आहे. तथापि शंभराहून अधिक मीटरवरून येणारी बारीक धार वाटेतच वाऱ्याने विखुरते आणि तुषार कोठे जातील हे वाराच ठरवतो, त्यामुळे कोरडे राहिलेल्याने मनाला लावून घेण्याचे कारण नाही, आणि भिजण्याच्या हट्टाने ओल्या, निसरड्या खडकांवर चढणे तर टाळलेच पाहिजे. अलकनंदेचा उगम येथेच होतो, हेही खरे नाही. तो आणखी वर, सतोपंथ आणि भगीरथ खरक या हिमनद्यांच्या मुखाशी आहे.

हिवाळ्यात बर्फाच्छादित वसुधारा पाहता येईल, ही कल्पनाही सोडून द्यावी. नोव्हेंबरमध्ये बद्रीनाथचे कपाट, म्हणजे मंदिराचे दरवाजे, बंद झाल्यावर माण्याचे रहिवासीही खालच्या गावांकडे उतरतात. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माण्याजवळ झालेल्या हिमस्खलनात रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर अडकले आणि त्यांपैकी आठ जणांचा मृत्यू झाला. कपाट उघडण्याची तिथी वसंत पंचमीला आणि मिटण्याची विजयादशमीला जाहीर होते, त्यामुळे ऑक्टोबरअखेरचा किंवा नोव्हेंबरचा बेत असल्यास ती पाहूनच तिकिटे काढावीत, आणि निघण्यापूर्वी चारधाम यात्रेची सरकारी नोंदणी करून घ्यावी.