माकूळ, मुडदुशी आणि एक दस्तरखान

मगरिबची नमाज आटोपून आम्ही रत्नागिरीत धक्क्यावर गळ टाकून बसतो. मुडदुशी वाळूच्या तळाशी फिरते. तिच्यासाठी बारीक गळाला कोळंबीचा तुकडा लावायचा. माकूळ दिव्याच्या उजेडाला येतात. वर ओढताना शाई उडते, म्हणून मुलांना मागे ठेवायचे.

कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्याला माकूळ हलाल. हनफी मसलकात समुद्रातला फक्त मासाच हलाल, आणि माकूळ मासा नव्हे. आमची नवी सून हनफी घरातली. पहिल्या दिवशी माकुळाचे कालवण पाहून ती नुसता भात चिवडत राहिली. अम्मींनी हुज्जत घातली नाही; दुसऱ्या दिवशी वेगळा तवा काढला. दस्तरखान मात्र एकच राहिला.

आता मुडदुशी मिळाल्याशिवाय आम्ही धक्क्यावरून उठत नाही.